बॅटरी बदलल्यावर दिसलेला आकडा

लष्करासाठी घ्यायच्या एका टॅब्लेटबद्दल माहिती मागवणारा कागद आमच्या कंपनीकडे आला होता. स्क्रीनची उजळता, वजन, किती उंचीवरून पडला तरी चालायला हवा, सगळ्याला आकडे होते. माणसाबद्दल मात्र एकच ओळ: ‘वापरण्यास सोपा असावा.’ तिथे ‘होय’ लिहून मोकळं व्हायचं, असं ऑफिसात जवळजवळ ठरलं होतं. यंत्र आणि ते हाताळणारा माणूस यांचं जमतं का, हे बघणं माझं काम. मी चाचणी घ्यायचा आग्रह धरला.

लष्कराच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन विभागातून निवृत्त होऊन महूला स्थायिक झालेले एक सुभेदार आले. मूळचे साताऱ्याकडचे. मे महिन्यातली इंदूरची दुपार, विजयनगरातल्या ऑफिसची गच्ची, हातात जाड ग्लोव्हज. समोरच्या पाण्याच्या टाकीला लक्ष्य मानून तिचे ग्रिड आकडे, म्हणजे नकाशावरची नेमकी जागा सांगणारे आकडे, घ्यायचे आणि रेडिओवर सांगायचे, एवढंच काम. फक्त मध्येच बॅटरी संपणार होती.

हा बॅटरीचा भाग कुठल्याही कागदात नव्हता, तो मी मुद्दाम घातला होता. 5 डिसेंबर 2001 रोजी अफगाणिस्तानात, कंदाहारच्या उत्तरेला, एका अमेरिकी सैनिकाने जीपीएस यंत्रावर शत्रूच्या ठिकाणाचे आकडे काढले आणि बॅटरी बदलली. यंत्र पुन्हा सुरू झालं ते स्वतःच्या जागेचे आकडे दाखवत. तेच विमानाला कळवले गेले आणि 2000 पौंडांचा बॉम्ब स्वतःच्याच माणसांवर आला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांचे अफगाण साथीदार मारले गेले. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते जसं बनवलं होतं तसंच वागलं.

सुभेदारसाहेबांनी सफाईने बॅटरी बदलली, स्क्रीन उजळली आणि त्यांनी खणखणीत आवाजात आकडे वाचले. आवाजात जराही शंका नव्हती. ते आकडे आम्ही उभे होतो त्या गच्चीचे होते.

मी नकाशावर बोट ठेवलं. त्यांनी दोनदा बघितलं. ‘हे तर आपणच की, मॅडम!’ मग ग्लोव्हज काढत म्हणाले, ‘गडबडीत आकडा दिसला की तो बरोबरच वाटतो. वर काय लिहिलंय ते कोण वाचतंय?’

‘ट्रेनिंगमध्ये सांगू,’ असं सहकाऱ्याने म्हटलं तेव्हा माझा आवाज चढला. दुसऱ्या महायुद्धात बी-17 ही अमेरिकी बॉम्बफेकी विमानं उतरल्यावर वैमानिक पंखांच्या फ्लॅपऐवजी चाकं आत घ्यायचे, तेव्हाही दोष वैमानिकांवरच जायचा. अल्फोन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं की दोन्ही स्विच शेजारीशेजारी आणि दिसायला सारखेच आहेत. त्याने चाकांच्या स्विचला चाकाच्याच आकाराची मूठ सुचवली. तशी मूठ विमानांत आजही असते. माणसाला कितीही शिकवा, थकलेला हात सवयीनेच चालतो.

खरी अडचण खरेदीच्या रीतीत आहे. तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांमधून ज्याची किंमत सर्वांत कमी तो एल-वन, त्याला काम. मग जे अटीत नाही त्यावर खर्च करणारा दरात मागे पडतो. ‘सोपा’ हा शब्द मोजता येत नाही, म्हणून कोणाला नापासही करता येत नाही. अटी पक्क्या होण्याआधी, माहिती मागवण्याच्या टप्प्यावरच, यात काही घालता येतं.

संध्याकाळी मी आमच्या उत्तरात दोन वाक्यं जोडली. वीज गेल्यावर किंवा बॅटरी बदलल्यावर स्वतःचं स्थान लक्ष्याच्या रकान्यात कधीही आपोआप येऊ नये. आणि चाचणी प्रत्यक्ष वापरणाऱ्या हुद्द्याच्या जवानांनीच, ग्लोव्हज घालून, रात्री व उन्हात करावी, चुका मोजाव्यात, किती चुकांना यंत्र नापास ते आधी ठरवावं.

आमच्या कंपनीच्या साहेबांनी विचारलं, ‘याचा फायदा बाकीच्या कंपन्यांनाही होईल ना?’ होईल, म्हटलं, व्हायलाच हवा. त्यांनी थोडा विचार करून सही केली. आमच्या टॅब्लेटमधला तो दोष सॉफ्टवेअरवाल्या मुलीने दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच काढला.