मेनिफोल्ड उघडतोच आहे तर…

मंगळवार

गार इंजिन चालू केलं की येणारी टिकटिक परवापर्यंत मलाच ऐकू यायची. आज शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, गाडीत घड्याळ बसवलंय का म्हणून. कामावर जाताना इंदूरजवळचं राऊ येईपर्यंत आवाज गायब होतो. तापल्यावर जातो म्हणजे कुठेतरी फट आहे आणि धातू फुगला की ती बुजते, एवढं मलाही कळत होतं.

संध्याकाळी देवास नाक्याला गॅरेजवाल्या उस्तादांनी टॉर्च मारून दाखवलं. इंजिनाचं हेड आणि एक्झॉस्ट मेनिफोल्ड (सगळ्या सिलेंडरांचा धूर गोळा करणारा भाग) यांच्या सांध्यावर, अगदी मागच्या बाजूला, काजळीचा फराटा. टोकाचा स्टड (मेनिफोल्ड धरून ठेवणारा बोल्ट) तुटलेला, पॅकिंग जळलेलं. टोकाचेच स्टड आधी जातात याला कारण आहे. बिडाचा तो लांब तुकडा रोज तापून फुगतो, गार होऊन आकसतो, आणि सगळ्यात जास्त सरकतात ती त्याची दोन टोकं. गाडीचं वय पाहता तक्रार करण्यासारखं काही नाही.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग उस्ताद म्हणाले, "खोलना तो पड़ेगा ही भिया, हेडर डलवा लो. एसएस का बना दूँगा, पिकअप देखना फिर." हेडर म्हणजे मेनिफोल्डच्या जागी बसणाऱ्या लांब नळ्या, एसएस म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या. झालं. आता झोप कशाची येते.

बुधवार

पिथमपूरला कामावर जेवणाच्या सुट्टीत हेडरचे व्हिडिओ पाहिले. बहुतेक सगळे अमेरिकेतले. त्यांतले पिकअप ट्रक म्हणजे बहुतेक पाच लिटरच्या आसपासचे व्ही-8 (आठ सिलेंडरचे) पेट्रोल. कंपनीचा आखूड मेनिफोल्ड काढून लांब नळ्यांचे हेडर लावतात, ट्यून करून घेतात, आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, रेघ वर गेलेली दाखवतात. ती रेघ बघताना मात्र एक गोष्ट खटकत होती. वाढलेली ताकद जवळजवळ सगळी उजव्या कडेला, वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). डावीकडे, जिथे माणूस रोज गाडी चालवतो, तिथे दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून.

रात्री भाचा आला. एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मामाला शिकवायची संधी सोडत नाही. हेडर काम कसं करतो ते त्यानं कागदावर काढलं. पेट्रोल इंजिनात एका सिलेंडरचा धूर नळीतून वेगानं जातो तेव्हा मागे दाब कमी होतो, आणि तो कमी दाब जळलेला वायू बाहेर ओढायला मदत करतो. नळ्यांची लांबी बरोबर जमली तरच, आणि एका ठरावीक आरपीएमच्या टापूतच. चार नळ्या थेट एकात जोडल्या तर फायदा वर मिळतो; चाराच्या दोन आणि दोनाची एक केली तर मधल्या टापूत. शिवाय इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा वेळ एकाच वेळी उघडे राहिले पाहिजेत, नाहीतर ओढणार काय?

"मग आपल्याला किती फायदा?" मी विचारलं.

"मामा, आपली टर्बो डिझेल आहे," तो म्हणाला, आणि पेन खाली ठेवलं.

गुरुवार

त्याचं बोलणं दिवसभर डोक्यात होतं, आणि जितका विचार करतो तितकं ते पटत जातं. डिझेलमध्ये पिस्टन वर येताना हेडला जवळजवळ भिडतो, त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे ठेवायला जागाच फारशी नसते. त्यात मेनिफोल्डच्या तोंडावरच टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. म्हणजे धूर मोकळा सुटतच नाही, आधी टर्बाइन फिरवायला जातो. टर्बाइन फिरतं ते धुराच्या दाबावर आणि उष्णतेवर. जाड बीड ती उष्णता धरून ठेवतं. पातळ पाइपचा हेडर तीच उष्णता बॉनेटखाली पसरवणार: वायरिंगवर, एसीच्या नळ्यांवर. वरून कापडी पट्टी गुंडाळता येते, पण पावसाळ्यात ती ओल धरते.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे बहुतेक टर्बो नसतोच. टर्बोचं वजन मेनिफोल्डवर लटकलेलं असतं. 304 ग्रेडचं स्टेनलेस तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा बरंच जास्त फुगतं. आर्गननं कितीही सुंदर वेल्डिंग केलं तरी पाइपचा हेडर त्या वजनाखाली रोज फुगत-आकसत राहिला की चीर जाणार ती वेल्डपाशीच. तिथून धातूचा कण सुटला तर थेट टर्बाइनमध्ये, जे मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतं. शिवाय ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी) नळी ह्याच मेनिफोल्डवरून निघते. तिचं तोंड नव्या हेडरवर बरोबर त्याच जागी यायला हवं. उस्तादांचे हात चांगले आहेत, पण बुलेटचा बेंड पाइप वाकवणं वेगळं आणि हे वेगळं.

आणि मुख्य म्हणजे, माझ्या गाडीचा पिकअप गेला आहे असं मला वाटतंय ते कशामुळे? टर्बोच्या आधीच गळती आहे! जो दाब टर्बाइनला मिळायला हवा त्यातला थोडा त्या फटीतून फुस्स होतो, म्हणून खालच्या आरपीएमला गाडी उशिरा जागी होते. छप्पर गळतंय म्हणून घराला नवा मजला चढवण्यातला प्रकार.

कायद्याचंही बघून घेतलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मनानं बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182-अ मध्ये हे आलं: मालकानं असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हवालदार बॉनेट उघडून मेनिफोल्ड बघणार नाही, हे मलाही माहीत आहे. अपघातानंतर विम्याचा सर्वेअर मात्र बघू शकतो.

रविवार

चोरलच्या पलीकडे शेतावर गेलो होतो. येताना मागे गव्हाची पोती आणि आत्याला हवी असलेली कडुनिंबाची दोन रोपं. भेरूघाट चढताना मुद्दाम आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवलं. पोती भरलेली, पुढे ट्रकांची रांग, दुसरा-तिसरा गिअर. काटा दीड हजार ते अडीच हजार यांच्यात हलत होता. एकदाच ट्रक ओलांडताना तीन हजारांच्या वर गेला, तोही काही सेकंद. पिथमपूरच्या रोजच्या रस्त्यावर तर तेवढाही जात नाही, राऊच्या चौकात कुठे जाणार.

मजा अशी की कामावर जाता-येता नॅट्रॅक्सचा, म्हणजे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या केंद्राचा, फाटा लागतो. सव्वाअकरा किलोमीटरच्या आत-बाहेरची ती हाय-स्पीड ट्रॅक, 2021 मध्ये सुरू झालेली. वरच्या आरपीएमला ताकद कशासाठी हवी असते ते तिथे कळत असेल. माझी गाडी फाट्यावरून सरळ पुढे जाते.

आवाजाचा मोह राहतो, तो खोटा कशाला म्हणू. हेडर लावलेल्या व्ही-8 चा आवाज ऐकून मला आजही बरं वाटतं. पण टर्बो हा स्वतःच अर्धा सायलेंसर आहे, आणि चार सिलेंडरच्या डिझेलमधून तो आवाज कुठल्याही पाइपनं निघणार नाही. निघाला तर ट्रॅक्टरचा निघेल, आणि ट्रॅक्टर शेतावर आहेच.

उस्तादांना फोन केला. मेनिफोल्ड काढायचा, खरादवाल्याकडून (लेथवाल्याकडून) त्याचा फेस तपासून लागला तर सपाट करून घ्यायचा, सगळेच स्टड नवे टाकायचे (तुटलेला एकच बदलला तर पुढच्या वर्षी दुसरा जाईल), पॅकिंग अनेक पदरी स्टीलचं, आणि उघडलंच आहे तर ईजीआरमधली काजळी खरवडायची. थोडे नाराज झाले. मग म्हणाले, "चलो, टूटा हुआ स्टड निकालने में ही आधा दिन जाएगा, उसका अलग लगेगा." मान्य केलं. ते काम खरंच कटकटीचं आहे. ड्रिल जरा तिरकं गेलं तर हेडच बाद.

हेडरला मोजले असते त्यापेक्षा बरेच कमी पैसे लागतायत. ही बातमी घरी सांगितली तर बायको म्हणाली, "मग मागचे टायर घ्या, घाटात घसरते." गुरुवारी गाडी उस्तादांकडे, आणि टायरांचा भाव उद्याच विचारतो.