अनोळखी बाई

मॉस्को, शनिवार रात्र

पायाचे तुकडे पडलेत. तरी लिहून झोपते, नाहीतर उद्या सगळे चेहरे एकमेकांत मिसळतील.

त्रेत्याकोव्ह गॅलरी दिवसभरात बघून होईल असं वाटलं होतं. अठराव्या शतकातल्या उमरावांच्या दालनांतच दुपार सरली. पहिला अर्धा तास नुसते पोशाखच पाहिले. रेशीम, पदकं, पावडर लावलेले केसांचे टोप. सगळेच जण कुणीतरी सलाम करावा म्हणून उभे.

आणि मध्येच प्रोकोफी देमिदोव्ह! लेवित्स्कीने १७७३ मध्ये काढलेलं हे पुरुषभर उंचीचं चित्र. मागे भव्य खांब, पडदा, सगळा दरबारी थाट. आणि हा गृहस्थ घरातल्या झग्यात, डोक्यावर रात्रीची टोपी, कोपर चक्क झारीवर टेकवलेलं. दुसऱ्या हाताने कुंड्या दाखवतोय. तुला नावाच्या रशियन शहरातल्या लोहाराचा हा नातू. उरलच्या लोखंडाने घराणं गडगंज झालं, याला मात्र झाडांचं वेड. लांबवर अनाथाश्रमाची इमारत दिसते, तिला त्याने भरघोस पैसा दिला होता. मला हसूच आलं. खुर्चीत बसलेल्या राखणदार आजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

लोपुखिना नावाच्या तरुणीच्या चित्रापाशी गर्दी होती. बोरोविकोव्स्कीने १७९७ मध्ये रंगवली तेव्हा ती अठराच्या आसपास, पुढे सहा वर्षांत गेली. तिच्या चित्राकडे पाहिलं तर तरुण मुली मरतात, अशी पूर्वी वदंता होती. इथेही दृष्ट लागते म्हणायची! सुंदर आहे खरी, पण मी फार थांबले नाही.

थांबले ती इव्हान आर्गुनोव्हच्या १७८४ च्या चित्रापुढे. लाल, उंच शिरोभूषण, सोनेरी काठ, गळ्यात माळा, गोल शांत चेहरा. ही उमरावीण नाही. शेतकरीण असेल, दाई असेल, शेरेमेत्येव्ह या उमराव घराण्याच्या नाटकमंडळीतली नटीही असेल, असे तर्क आहेत. पाटीवर फक्त ‘रशियन पोशाखातील अनोळखी स्त्री’.

काढणारा स्वतः शेरेमेत्येव्ह घराण्याचा भूदास. म्हणजे हा माणूस मालकाच्या मालमत्तेच्या यादीत. त्याच हाताने त्याने १७६२ मध्ये महाराणी कॅथरीनचंही चित्र काढलं. मालकांचे, मालकिणींचे चेहरे वर्षानुवर्षं रंगवले, आणि १८०२ मध्ये भूदास म्हणूनच मेला. त्याच्या मुलाला, निकोलायला, पुढे मुक्तता मिळाली, तोही चित्रकारच.

हे कळल्यावर मी परत मागे गेले, पहिल्या दालनापर्यंत. पदकंवाल्यांचे चेहरे पुन्हा पाहिले. कुणाच्याच डोळ्यांत या बाईइतका निवांतपणा सापडला नाही. मालकाचं चित्र काढताना आर्गुनोव्हला किती गोष्टी सांभाळाव्या लागत असतील! हिच्यासमोर बसताना बहुधा एकही नाही. हा आपला माझा अंदाज.

आजींनी घड्याळाकडे बोट केलं. खाली कोट घ्यायला गेले तर बिल्ला कुठल्या खिशात ठेवला तेच आठवेना.