तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पिकअपला आधी टायर की लिफ्ट?

प्रश्न बहुतेकदा असा येतो: "जुनी फोर बाय फोर स्कॉर्पिओ गेटवे घेतली आहे. आठवडाभर शहर, रविवारी सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा. आधी टायर मोठे करू की गाडी उंच करणारं लिफ्ट किट बसवू?" टाटा झेनॉनवाले, इसुझू व्ही-क्रॉसवालेही हेच विचारतात. या तिन्ही गाड्यांना मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि वर बहुतेक वेळ रिकामा असलेला हौदा, त्यामुळे उत्तर फारसं बदलत नाही.

पहिला खर्च ब्रेकचा. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. ते दोन वर्षांहून जुनं असेल तर पूर्ण काढा आणि टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं नवीन भरा. लांब उतारावर ब्रेक तापले की ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. वरंधा घाट उतरताना हे कळून उपयोग नसतो. मागचे ड्रमही उघडा. चिखलातून आलेल्या गाडीत लायनरच्या बारीक भुकटीला चिखल धरतो आणि ड्रमवर चरे पडतात.

दुसरं काम ब्रीदरचं, म्हणजे ॲक्सल आणि गिअरबॉक्सच्या आतली हवा ये-जा करायच्या छोट्या नळीचं. त्याला पैसे सर्वांत कमी लागतात आणि तेच सगळे विसरतात. चालून तापलेला डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ॲक्सलच्या सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर समजा पाणी शिरलंय. ते ऑइल त्याच आठवड्यात बदला, नाहीतर बेअरिंग जातात. उपाय साधा आहे. दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) यांच्या ब्रीदरना रबरी फ्युएल पाइप जोडा. पुढची टोकं बोनेटखाली फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधली भिंत) उंचावर आणि मागचं हौद्याच्या भिंतीच्या आत वर न्या. मागच्या पाइपला भरपूर ढील ठेवा. ॲक्सल वरखाली होतो, ताणलेला पाइप पहिल्याच खड्ड्यात निसटतो.

आता पाटे. मागून गाडी बसली असेल तर गॅरेजवाला म्हणेल, "एक जाड पाटा टाकून देतो." आखूड, जाड पाटा टाकला की सगळा ताण त्याच्या टोकाशी एकवटतो आणि मेन पाटा नेमका तिथेच तुटतो. शिवाय रिकामा हौदा आधीच उसळतो, तो आणखी उसळायला लागतो. पावसाळ्यात वळणावर मागची चाकं सरकतात. पाटे नुसते ठोकून कमान चढवली तर ती काही महिन्यांत पुन्हा बसते. कारखान्यात कडक केलेला पूर्ण नवा संच घ्या, किंवा फार तर एक लांब आणि पातळ पाटा वाढवा. पाट्याच्या टोकांचे बुश आणि शॅकल पिन त्याच वेळी बदला. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात: नवे घ्या आणि ५०० किलोमीटरनंतर परत आवळा.

मागची उंची वाढली की एक गोष्ट गुपचूप बिघडते. अनेक पिकअपला मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक दांडी असते. ती भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवते. गाडी उंच झाली की दांडीला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि भरल्या गाडीतही ती मागचा ब्रेक कमी देते. उंचीनुसार दांडी पुन्हा जुळवून घ्यायलाच हवी. लिफ्ट बसवणाऱ्या दहा जणांतल्या किती जणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे.

गेटवेला पुढे टॉर्शन बार आहेत, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या. बोल्ट आवळला की पुढचा भाग वर येतो, म्हणून तो आवळण्याचा मोह होतो. यात स्प्रिंगची ताकद वाढत नाही, फक्त उंची वाढते. चाकाला खाली जायला जागा उरत नाही, पुढच्या चाकाला ताकद देणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, त्यावरचे रबरी बूट फाटतात. सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, दोन्ही बाजू सारख्या ठेवा, २५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. मग लगेच अलाइनमेंट.

एवढं झालं की टायर. तुमच्याकडे २४५/७५ आर १६ असेल तर त्याचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर. २६५/७५ घातला तर ८०४. म्हणजे जमिनीपासून उंची फक्त १५ मिलिमीटर वाढते, पण गिअर चार टक्क्यांनी लांबतात आणि स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी १०४ च्या आसपास असते. जड टायर थांबवायला ब्रेकला जास्त मेहनत, उचलायला क्लचला. रोजच्या गाडीला मूळ आकारातला ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर) पुरतो. मड टेरेन (चिखलासाठीचा टायर) काळ्या मातीत उत्तम, पण ओल्या डांबरावर त्याचे मोठे ब्लॉक कमी पकडतात आणि महामार्गावर कान किटतात. चारही टायर एकाच आकाराचे आणि सारखे झिजलेले हवेत, नाहीतर फोर व्हील लावल्यावर ट्रान्सफर केसवर ताण येतो. याच कारणाने कोरड्या डांबरावर फोर व्हील लावायचंच नाही.

टायरवर खर्च करण्याआधी बॅटरीला थेट जोडणारा, टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर घ्या. चिखलात २२–२५ पीएसआयवर उतरलेला साधा टायर ३५ वर फुगलेल्या महागड्या टायरपेक्षा जास्त पकडतो. मात्र वेग कमी ठेवायचा आणि डांबर लागताच हवा भरायची. अडकलेल्या गाडीला ट्रॅक्टरची साखळी लावून झटका देऊ नका. ती तुटली की काच फोडून आत येते. ओढायचा पट्टा चासीला बोल्ट केलेल्या हुकाला लावायचा; ट्रेलर जोडायच्या टो-बॉलला कधीच नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पुढच्या लोखंडी बुल बारविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिलं होतं. अपघातानंतर विमा कंपनी हेच तपासते, म्हणून मोठा टायर किंवा लिफ्ट घेण्याआधी आरटीओत विचारा.

आणि मोठा टायर घेणारच असाल, तर पैसे देण्याआधी दुकानातच तो हौद्याखालच्या स्टेपनीच्या जागेत बसवून पाहा. बऱ्याचदा बसत नाही, मग स्टेपनी हौद्यात येते आणि निम्मी जागा जाते.