फाटका अंडरटेकर

आज शेवटी बसलो. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे टीव्हीवरच्या कुस्तीतल्या पैलवानांच्या, ट्रम्प कार्डांचा लहानपणीचा कॅट नवा करायला. गेली दोन वर्षं एकेक करकरीत कार्ड शोधून घेत होतो (किंमत बायकोला सांगितलेली नाही, इथेही सांगणार नाही). फाइलच्या एका पानात नऊच कप्पे, म्हणजे नवं आत आलं की जुनं बाहेर.

सुरुवात झकास झाली. कोपरे झिजलेली पाच-सहा कार्डं फटाफट काढली. योकोझुना या अगडबंब पैलवानापाशी हात थांबला. खेळात ज्याचा आकडा मोठा त्याला समोरच्याचं कार्ड; ‘वजन’ म्हणून हे टाकलं की समोरच्याचं कार्ड गेलंच, त्यामुळे सुट्टीत मामाच्या ओटीवर याच्यावरून खऱ्या मारामाऱ्या झाल्यात. त्यावर आंब्याच्या रसाचा डाग अजून आहे.

आणि अंडरटेकर, मढ्याचं सोंग घेऊन रिंगणात उतरणारा पैलवान! मधोमध फाटलेला, मागून सेलोटेप, तोही पिवळा पडलेला. मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा आजोबांनी चष्मा लावून चिकटवला होता. चिकटवल्यावर विचारलं होतं, "हा मेलाय का रे?"

नवा अंडरटेकर सध्या टेबलावर पडलाय. जुना परत कप्प्यात गेला.