तुम्ही विचारलंत म्हणून: घटातलं धान पिवळंच का राहतं?

नवरात्रात हा प्रश्न हमखास येतो. माती चांगली, पाणी वेळेवर, धान तरारून आलेलं, तरी पिवळं. खत कमी पडलं का? नाही, उजेड कमी पडला. पण हे उत्तर अर्धंच आहे. अंधारात रोप हरितद्रव्य जवळजवळ तयार करून ठेवतं आणि मग मुद्दाम थांबतं. थांबवणाऱ्या प्रथिनाचं नाव फ्लू (तापाशी काही संबंध नाही).

हरितद्रव्याची सुरुवात ग्लुटामेट या अमिनो आम्लापासून होते. त्यातून एएलए नावाचा छोटा रेणू बनतो. आठ एएलए जोडले की एक पॉर्फिरिन कडं. कड्यात लोह बसलं तर हीम (रक्ताला लाल रंग देणारा रेणू, रोपांतही असतो), मॅग्नेशियम बसलं तर वाट हरितद्रव्याची. त्या वाटेवर प्रोटोक्लोरोफिलाइड बनतं आणि तिथे काम अडतं, कारण त्याला पुढे नेणारं पोर (POR) हे विकर, म्हणजे एन्झाइम, उजेडाशिवाय चालतच नाही. गहू, ज्वारी, सगळ्या सपुष्प वनस्पतींची हीच गत. पाइनची रोपं मात्र अंधारातही हिरवी होतात. त्यांच्याकडे उजेड न लागणारं दुसरं विकर आहे.

पोरला चिकटलेलं थोडं प्रोटोक्लोरोफिलाइड बिनधोक असतं. त्याहून जास्त साचलं आणि वर ऊन पडलं, की ते शोषलेली ऊर्जा ऑक्सिजनला देतं. त्यातून निघणारा सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं आक्रमक रूप, पेशीला भाजून काढतो. म्हणून आवर घालायचा तो अगदी पहिल्या पायरीवर, एएलए बनण्यापूर्वीच.

फ्लू स्वतः विकर नाही, कुठलीच रासायनिक क्रिया करत नाही. त्याचा एक भाग हरितलवकाच्या पडद्यात रुतलेला असतो, मध्ये पिळाचा भाग, आणि शेवटी टीपीआर नावाचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. एकेका टीपीआरमध्ये साधारण ३४ अमिनो आम्लं आणि पाठीला पाठ लावलेली दोन वेटोळी असतात. अशी वेटोळी शेजारी शेजारी रचली की एक खाच तयार होते. एएलएची वाट सुरू करणाऱ्या ग्लुटीआर या विकराचं शेपूट त्या खाचेत पकडलं जातं आणि विकर पडद्याशी अडकून पडतं. ग्लुटीआर दोन प्रकारचं असतं. फ्लू पकडतं ते पानांतलं मुख्य. हीमही त्याच विकराला आवर घालतं, पण विकराच्या दुसऱ्या टोकाकडून.

फ्लू बिघडलं तर काय होतं हे २००१ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात दाखवलं. अंधारात वाढवलेल्या रोपांवर निळा प्रकाश टाकला की बिघडलेली रोपं साचलेल्या प्रोटोक्लोरोफिलाइडमुळे लालभडक चमकतात. सतत उजेडात ती ठणठणीत वाढतात. एक रात्र अंधारात ठेवून सकाळी उजेडात आणली की करपतात. बार्लीतलं हेच जनुक बिघडलं की पानांवर वाघासारखे आडवे पट्टे उठतात: रात्री वाढलेला भाग फिका, दिवसाचा हिरवा. सतत दिव्याखाली ठेवा, पट्टे येतच नाहीत. पुढे आणखी गंमत निघाली. एक्झिक्युटर हे दुसरं प्रथिनही काढून टाकलं, तर फ्लू नसलेली रोपं बरीचशी वाचतात. म्हणजे रोप नुसतं भाजून मरत नाही, मरण्याचा आदेशही आतूनच निघतो.

घरी पाहायचं तर गहू ८ तास भिजवून कुंडीत पेरा आणि वर काळा खोका उपडा घाला. सात-आठ दिवसांत फिकट पिवळे, लांबुडके कोंब मिळतील (तो पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजरात असतं तसल्या रंगद्रव्याचा). रोज उघडून बघायचा मोह टाळा, नाहीतर मिणमिणत्या उजेडातही कडा हिरवट होतात. मग खिडकीशी, सावलीच्या उजेडात ठेवा. पहिले काही तास फरक दिसत नाही. एक-दोन दिवसांत पान हिरवं होतं. थेट दुपारच्या उन्हात ठेवू नका, उन्हापासून बचावाची यंत्रणा अजून बसलेली नसते.

पाठोपाठ येणारा प्रश्न केवडा पडलेल्या, म्हणजे पानं पिवळी पडलेल्या, उसाचा. तिथे उजेड भरपूर, अडचण लोहाची. हरितद्रव्यात लोह नसतं, पण प्रोटोक्लोरोफिलाइडच्या आधीच्या एका विकराला ते लागतं. चुनखडीच्या जमिनीत ते मुळांना मिळत नाही, म्हणून कोवळी पानं शिरांच्या मधोमध पिवळी पडतात. यावर हिराकशीची (फेरस सल्फेट) ०.५ टक्के फवारणी, लिटरला ५ ग्रॅम. द्रावण ताजंच वापरा. तांबूस झालं की त्यातलं लोह पानाच्या उपयोगाचं राहत नाही.