इंचॉन: 'कोरिएत्स'चा सांगाडा दाखवतो म्हणणाऱ्याला एक वॉनही देऊ नका

आधी कामाचं सांगतो. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धाच्या सुरुवातीला कोरियातल्या इंचॉन बंदरात 'कोरिएत्स' ही रशियन गनबोट (तोफांची छोटी युद्धनौका) बुडाली. ओहोटीच्या वेळी तिचे अवशेष चिखलातून वर दिसतात असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं आहे. काही दिसत नाही आणि दिसणारच नाही, कारण जपान्यांनी १९०५ मध्येच ते वर काढून भंगारात घातले. आम्ही, म्हणजे मी आणि दादा, धक्क्यावरच्या एका माणसाला दोघांचे मिळून १ लाख २० हजार वॉन देऊन बसलो. पाऊण तास छोट्या बोटीतून फिरवलं, गाळाच्या एका काळ्या उंचवट्याकडे बोट दाखवलं, फोटो काढा म्हणाला, झालं. परत आल्यावर नीट वाचलं तेव्हा कळलं. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

दुसरी फसगत नावाची. इंचॉनचं जुनं नाव चेमुल्पो, जुन्या पुस्तकात सगळीकडे 'चेमुल्पो'ची लढाई असंच असतं, म्हणून सोलहून १ नंबरच्या मेट्रोने येताना आम्ही जेमुल्पो स्टेशनला उतरलो. नाव तेच आहे पण ते स्टेशन आत शहरात आहे, बंदर तिथे नाही. तुम्ही शेवटपर्यंत, इंचॉन स्टेशनपर्यंत बसून राहा. गूगल मॅप कोरियात चालत जायचा रस्ता धड दाखवत नाही, नेव्हर किंवा काकाओचा मॅप आधीच टाकून घ्या.

आता तो रस्ता. इंचॉन स्टेशन ते योनान धक्का, म्हणजे बोटी सुटतात ती जागा, नकाशावर जवळ वाटतं, म्हणून आम्ही चालत निघालो. कृपा करून असं करू नका!! आतलं बंदर पूर्ण कुंपणाच्या आत आहे, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कंटेनरचे ट्रेलर, फुटपाथ मधेच संपतो, मग पलीकडे जायला सिग्नल शोधत मागे यायचं, तोंडात धूळ, डोळ्यात वारा, आणि समुद्र एकदाही दिसत नाही. आम्हाला दीड तास लागला आणि त्या दीड तासात मला एवढंच कळलं की ज्या पाण्यात कोरिएत्स उभी होती त्या बाजूला आज फक्त गोदामं आणि क्रेन दिसतात. डोंगइंचॉन स्टेशनच्या बाहेरून योनान धक्क्याची बस मिळते, सरळ तीच पकडा. दमलेला माणूस धक्क्यावर पोचला की समोर येईल त्या बोटीत बसतो, आमचं तेच झालं.

धक्क्याजवळच्या बागेत २००४ मध्ये, लढाईला १०० वर्षं झाली तेव्हा, रशियाने उभारलेलं स्मारक आहे. पाच मिनिटांचं काम, पण जा. तिथे उभं राहून मला वाईट वाटलं ते हे की सगळं लक्ष कोरिएत्सच्या सोबत लढलेल्या 'वार्याग' या मोठ्या रशियन युद्धनौकेकडे, म्हणजे क्रूझरकडे जातं. वार्याग मोठी, नवी, देखणी, तिचेच लोक मेले, तिच्यावर सगळं लिहिलं गेलं, मान्य. पण युद्धातली पहिली चकमक कोरिएत्सच्या वाट्याला आली हे कुणाच्या लक्षातच राहत नाही.

ही बोट स्टॉकहोमला बांधली, १८८६ मध्ये पाण्यात उतरली, साधारण १३०० टनांची, १३ नॉटच्या आसपास वेग. एवढ्याशा बोटीवर ८ इंची दोन तोफा आणि ६ इंची एक, म्हणजे अंगापेक्षा हत्यार मोठं. नावाचा अर्थ 'कोरियन माणूस'. पूर्वेच्या समुद्रात वर्षानुवर्षं राबली, १९०० च्या जूनमध्ये चीनमध्ये दागूच्या किल्ल्यांवर हल्ला झाला त्यात तिने मार खाल्ला, माणसं गमावली. म्हणजे १९०४ मध्ये ती इथे आली तेव्हा म्हातारी होती, तोफा जुन्या, पल्ला कमी.

८ फेब्रुवारी १९०४ ला दुपारी तिला टपाल घेऊन पोर्ट आर्थरला, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या रशियन नौदलाच्या तळावर पाठवलं. बंदराबाहेर पडते तर समोर अ‍ॅडमिरल उरिऊचा जपानी ताफा. टॉर्पिडो सुटले, एकही लागला नाही, कोरिएत्सकडून छोट्या तोफेचे दोन बार गेले, आणि कॅप्टन बेल्यायेवने बोट मागे वळवली. दुसऱ्या दिवशी जपान्यांचं पत्र आलं, दुपारी १२ पर्यंत बाहेर या नाहीतर आत येऊन मारू. वार्याग आणि कोरिएत्स दोघी निघाल्या, समोर ६ क्रूझर आणि टॉर्पिडो बोटी.

वार्याग एकटी असती तर रात्रीत पळून गेली असती, कोरिएत्स पायातला दगड होती, असं बरेच जण म्हणतात. पाल्मीदोला जाऊन आल्यावर मला ते पटत नाही. त्या बेटावर जाच. योनान धक्क्यावरून बोट जाते, तासाभराच्या आत पोचते, तिकीट खिडकीवरच घ्यायचं, पासपोर्ट जवळ हवा, वारा असेल तर फेरी रद्द होते म्हणून एक दिवस हातचा ठेवा. आम्हाला रविवारी मिळाली. वर दीपगृहापर्यंत चढ आहे, साधे बूट चालतात. जुनं पांढरं दीपगृह १९०३ च्या जूनमध्ये पेटलं, म्हणजे लढाईच्या आठ महिने आधी, कोरियातलं पहिलं. तिथून वळून बंदराकडे बघा. मी पाच-दहा मिनिटं काही बोललोच नाही. बेटं, गाळ, मधे अरुंद खोल पट्टा, एवढंच! इथली भरती-ओहोटी ९ मीटरच्या घरात जाते, मुंबईला उधाणाला साडेचार-पाच मीटर पाणी चढलं तरी आपण बातमी करतो, यावरून विचार करा. या पट्ट्यात डावीउजवीकडे वळायला जागा नाही आणि तोंडाशी क्रूझर उभ्या. पुस्तकातला नकाशा बघून हे कळत नाही, इथे उभं राहिलं की आपोआप कळतं. अख्ख्या ट्रिपचे पैसे तिथे वसूल झाले.

तासभर मारा झाला. वार्यागची चाळण झाली, ३० च्या वर माणसं गेली. कोरिएत्सचे गोळे बहुतेक अलीकडेच पडत होते, तिचा मात्र एकही माणूस मेला नाही. दोघी परत आल्या. वार्याग उडवू नका, आमच्या जहाजांना धोका आहे असं परदेशी कॅप्टनांनी सांगितलं म्हणून ती नुसती बुडवली. कोरिएत्स चारच्या सुमाराला तिच्याच लोकांनी उडवली, आणि माणसं 'पास्काल' या फ्रेंच जहाजावर गेली. पुढे वार्याग जपान्यांनी वर काढून वापरली, १९१६ मध्ये रशियाला परतही मिळाली. कोरिएत्सच्या नशिबी भंगार. त्याच नावाची दुसरी गनबोट रशियाने बांधली, तीही १९१५ मध्ये रीगाच्या आखातात स्वतःच्याच लोकांना उडवावी लागली. हे वाचून दादा बराच वेळ गप्प होता.

बाकी चायनाटाऊन, वोल्मीदो, जायू पार्क, सगळं सोपं आणि छान, कुठेही माहिती मिळेल. शहराच्या म्युझियममध्ये वार्यागचा झेंडा होता, २०१० मध्ये तो रशियाला उसना दिला, त्यामुळे मूळ झेंड्यासाठी जाणार असाल तर आधी फोन करून विचारा, आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं. लढाईत गेलेल्या खलाशांची थडगी इथे शोधत बसू नका, ती १९११ मध्ये व्लादिवोस्तोकला हलवली.

एकच दिवस असेल तर स्मारक आणि पाल्मीदो, बास. पाल्मीदोची फेरी रद्द झाली तर धक्क्यावर दुसऱ्या कुणाच्या बोटीत बसू नका, वोल्मीदोच्या टेकडीवर चढा आणि ओहोटीची वेळ बघून जा. पाणी उतरलं की तो अरुंद पट्टा तिथूनही बऱ्यापैकी ओळखता येतो, आणि तिकीट लागत नाही.