लाखेचा आंबा आणि नऊ वॅटचे दोन दिवे

सावंतवाडीच्या लाकडी फळांवर जी चमक, तीच गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल खेळाच्या पत्त्यांवर. फोटो काढायला घेतले की मात्र दोघांचे स्वभाव अगदी उलटे निघतात. जुलैत चितार आळीतल्या एका कारागीर काकांकडे दोन्ही वस्तू एकाच दिवशी काढायच्या होत्या. आधीचे फोटो गिऱ्हाइकाने नाकारले होते. मोबाइलच्या फ्लॅशने प्रत्येक फळावर पांढरा ठिपका उठला होता. काकांचं निदान नेमकं होतं : "ह्यो आंबो खंय? ह्यो तर बल्ब दिसता!"

बाहेर पाऊस. पडवीतला उजेड सुंदर असतो, पण ढग सरकला की एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उतरणारा उजेड, बदलतं, आणि एकशेवीस पत्ते एकसारखे दिसायला हवे होते. म्हणून माजघराची खिडकी जाड चादरीने बंद केली आणि घरातले सगळे दिवे मालवले. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळट उजेड एकाच वस्तूवर पडला तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं कॅमेऱ्याचं सेटिंग, कुठेच जुळत नाही. उरले आमचे दोनच : नऊ वॅटचे एलईडी, एकाच कंपनीचे, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं शंभरपैकी माप) 90च्या वरचे. स्वस्त बल्बमध्ये गडद लाल कमी असतो, आणि इथे तर शेंदरी रंगच मुख्य. विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, त्यामुळे साधा एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. शटर फार जलद ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येतात. स्टँडवर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ/11 आणि शटर साधारण पाव सेकंद ठेवलं की ही कटकटच उरत नाही. बटण दोन सेकंदांच्या टायमरने दाबायचं.

आधी पत्ते घेतले. दशावतारी गंजिफाचे दहा रंग, म्हणजे इस्पिक-बदामासारखे गट, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. प्रत्येकाचे राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. पत्ता गोल, त्यामुळे कॅमेरा जरा तिरका झाला तरी वर्तुळ लांबट होतं आणि ते लगेच डोळ्यांत भरतं. यावर सोपा उपाय म्हणजे पत्त्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि लेन्सला आरशातली स्वतःचीच भिंगं फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसेपर्यंत स्टँड हलवायचा. दोन्ही दिवे सारखे आहेत का, हे पाहायला मध्यभागी पेन्सिल उभी धरायची. दोन्ही सावल्या सारख्याच गडद दिसल्या पाहिजेत. एक गडद असेल तर तिच्या विरुद्ध बाजूचा दिवा थोडा मागे घ्यायचा. थोडाच, कारण अंतर दुप्पट केलं तर उजेड चौथाईवर येतो.

सपाट चकचकीत पृष्ठभागाचं बरं असतं. वरून पाहणाऱ्या लेन्सला त्यात फक्त वरचंच दिसतं. दिवे दोन्ही बाजूंना टेबलापासून तीसेक अंशांवर खाली ठेवले की ते पत्त्यात दिसतच नाहीत. दिसतं ते पांढरं छत, स्टँडचा चंदेरी पाय आणि आपला शर्ट. काळ्या कार्डशीटला लेन्सएवढं भोक पाडून ती लेन्सवर बसवली आणि मत्स्याच्या राजाचा खरा लाल वर आला. अशा वेळी पोलरायझर, म्हणजे तिरकी चमक कापणारा फिल्टर, घ्यायचा मोह होतो, पण समोरासमोरच्या परावर्तनावर नुसता तो काहीच करत नाही.

अडचण आली ती दमटपणाची. थरांवर थर देऊन केलेला पत्ता पावसाळ्यात किंचित वाकतो आणि वाकलेली कड दिवा पकडते. काचेखाली दाबला तर काचच चमकते. मग पत्ता टेबलावरच हळूहळू फिरवायचा, कडेची चमक गेली की थांबायचं, आणि फोटो नंतर संगणकावर तेवढाच उलटा फिरवायचा. चौकोनी पत्त्याचे कोपरे यात फ्रेमबाहेर गेले असते. गोल असल्याचा इथे निव्वळ फायदाच झाला.

फळांना मात्र ही युक्ती अजिबात लागू नाही. फुगीर पृष्ठभागात खोलीतली जवळपास प्रत्येक दिशा दिसते, त्यामुळे दिवा कुठेही लपवा, तो आंब्यात सापडणारच. चमक घालवता येत नाही. तिला आकार देता येतो. दीड बाय दोन फुटांचा ट्रेसिंग पेपर लाकडी चौकटीवर ताणून आंब्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर उभा केला आणि बल्ब त्याच्यामागे दीड फुटावर ठेवला. बल्ब कागदाला चिकटवला की मधेच तेजाळ गोळा उठतो आणि पुन्हा काकांचा बल्ब दिसू लागतो. लांब ठेवला तर अख्खा कागद उजळतो आणि आंब्यावर देठापासून टोकापर्यंत मऊ पट्टा उतरतो. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा लावला.

पार्श्वभूमीला पांढरा चार्टपेपर होता. त्यावर पिवळ्या आंब्याची कड विरघळू लागली, म्हणून फ्रेमच्या लगेच बाहेर दोन्हीकडे काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्या. त्यांचं प्रतिबिंब कडेला बारीक गडद रेघ काढतं आणि फळ कागदावरून सुटं होतं.

वांगं सगळ्यांत अवघड. इतक्या गडद वस्तूचा आकार चमकेवरूनच कळतो. चमक नसेल तर फोटोत नुसतं काळं भोक दिसतं. इथे थर्माकोल काढून दुसरा ट्रेसिंग पेपर लावला, म्हणजे दोन पट्टे. काकांना यातला एकच पट्टा हवा होता. माझ्या मते दोनांनी गोलाई जास्त कळते, पण माल त्यांचा, म्हणून एकच ठेवला.

लाल मिरच्यांना वेगळी खबरदारी लागते. कॅमेरा सरासरी उजेड बरोबर दाखवतो, पण तेवढ्यात लाल चॅनेल भरून वाहतो आणि मिरचीवरच्या ब्रशच्या रेषा सपाट होतात. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, लाल वेगळा पाहून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी केलं. पार्श्वभूमी करडी पडली ती नंतर उजळता येते, गेलेल्या रेषा परत येत नाहीत.

प्रत्येक फोटोआधी धूळ फुंकणीने उडवायची. कापडाने पुसलं की लाखेवर बारीक चरे पडतात, आणि या उजेडात ते सगळे दिसतात. पत्ते कडेलाच धरायचे. संध्याकाळी कॅमेरा आणि लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात गेले. कोकणातल्या पावसात लेन्स उघड्या कपाटात ठेवली तर तिला बुरशी लागते, आणि ती साफ करायचा खर्च असल्या कामाच्या मजुरीतून निघत नाही.